फोडशी उपटू नका, कापा

महोदय,
पहिल्या पावसानंतर मुंबईच्या बाजारांत फोडशी या रानभाजीच्या जुड्या येतात. जुन्या वर्गीकरणात ही लिली कुळातली, आता शतावरी कुळातली. तिची एक जात, पांढरी मुसळी, शास्त्रीय नावात बोरिवली मिरवते, याचा मुंबईकरांना अभिमान वाटायला हवा! पावसाळा सरला की पाने वाळतात. झाड जगते ते जमिनीतल्या मांसल मुळांवर. जुडीला मुळे लागून आली, तर पुढच्या वर्षी त्या जागी फोडशी नाही. म्हणून पाने जमिनीच्या वर विळ्याने कापावीत, काही झाडे फुला-बियांसाठी सोडावीत. घरी मात्र बुडखा काढून, पाने सुटी करून तीन-चारदा धुवावीत; बेचक्यात माती अडकते आणि भाजी कचकचते.
– एक वाचक, बोरिवली