चीर बारकी म्हणून ऑपरेशन बारकं नसतंय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छाती न फाडता हार्टचा वॉल्व बदलतात म्हणून हल्ली सगळीकडं बोर्ड दिसतात, त्यावर थोडं लिहितोय.

आमच्या मामांचा मायट्रल वॉल्व, म्हणजे हार्टच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, गेल्या वर्षी असाच बदलला, उजव्या बरगड्यांच्या मधनं तीन इंचाची चीर देऊन. घरात सगळ्यांनी दुर्बिणीचं ऑपरेशन असंच धरलेलं, पै-पाव्हण्यांनाही तेच सांगितलं. पण आत हार्ट थांबवावंच लागतंय, आणि तोवर रक्त फिरवणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्या जांघेतल्या रक्तवाहिन्यांत घालतात हे आम्हाला कधी कळलं, तर मामांची जांघ सुजून पाणी झिरपायला लागल्यावर. महिनाभर ड्रेसिंगला बेळगावच्या फेऱ्या. डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं, संमतीच्या कागदावर लिहिलेलं होतं की. होतं खरं, इंग्लिश आणि कन्नडमध्ये, आणि त्यावर सही मामींची, ज्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या.

डॉक्टरांची चूक म्हणत नाही. मधलं हाड कापलं नाही म्हणून मामा लवकर हिंडाय लागले, हेही खरंच. पण चीर लहान म्हणून आत काम अवघड, मशीनवर वेळ बऱ्याचदा जास्त जातो, अडलं तर ऐनवेळी छाती उघडावी लागते, आणि रक्तस्राव, लकवा हे धोके काय चिरीसारखे बारके होत नाहीत. जांघेतनं तार घालून एओर्टिक वॉल्व (हार्टमधनं रक्त अंगभर जातं त्या तोंडाचा) बसवतात ती टावी वेगळीच, त्यात बहुतेक वेळा हार्ट थांबवत नाहीत, पण नवा वॉल्व हार्टच्या करंटच्या वाटेवर दाबला तर काहींना कायमचा पेसमेकर लागतो. लोक दोन्ही एकच समजतात.

त्यात मामांचा वॉल्व मेटलचा, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायची आयएनआर टेस्ट सारखी. ती गोळी चालू असताना दुकानातली अंगदुखीची गोळी खाल्ली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि मामा रानातनं आले की कंबर दुखते म्हणून दोनदा खाऊन बसलेले! नशीब काही झालं नाही.

तेव्हा संमतीचा कागद मराठीतही द्या एवढंच मागणं आहे. यात भाषावाद काढू नका, बाजारापुरतं कन्नड आम्हालाही येतंय, पण आठ पानं वाचण्याएवढं नाही. बिल समजावताना मात्र काउंटरवर सगळेच झकास मराठी बोलतात.

आपला एक वाचक,
खानापूर, जि. बेळगाव