बैलबाजाराचे भावही छापा

संपादक महोदय,

आपल्या दैनिकात रोज बाजारभावाची चौकट असते. कापूस, तूर, सोयाबीन, चना, संत्रा. किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. ती पाहून शेतकरी ठरवतो की माल आज न्यायचा की आठवडाभर थांबायचे. बैल, गाय, म्हैस त्या चौकटीत मी कधी पाहिले नाहीत. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावातून जोडी विकायला निघालेला माणूस बाजारात पोचेपर्यंत भावाविषयी काहीच जाणत नसतो. रात्री परत येतो तो एकच बोलत येतो : हेड्यांनी, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्यांनी, लुटले. मला बैलाचे दात (त्यावरून वय कळते) आणि चाल पाहता येते म्हणून लोक मला सोबत नेतात. त्या ओळखीवर हे लिहितो आहे.

लबाडी होते, ती आधी सांगून टाकतो. रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो, शेजारी उभ्या माणसाला आकडा कळत नाही. पहिला व्यापारी एक भाव सांगतो, मागून येणारे दोघे-तिघे त्याहून कमी सांगतात, मग पहिलाच बरा वाटू लागतो. ऊन कलले की बोली आणखी खाली येते, कारण जनावर परत न्यायचे तर टेम्पोचे भाडे पुन्हा लागणार, हे त्यांना पक्के ठाऊक असते. पण ही लबाडी उद्या पूर्ण थांबली, तरी भाव फार चढणार नाही असे माझे मत आहे. तो बाजाराच्या बाहेरच खाली आलेला असतो.

पहिले कारण महिना. फाल्गुन-चैत्रात विकणारे सगळे एकदम येतात. वावरात काम उरलेले नसते, मार्चअखेर सोसायटीचे कर्ज नवेजुने करायचे असते आणि घरचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, संपत आलेले असते. ज्वारी होती तेव्हा कडब्याची गंजी वर्षभर पुरायची. सोयाबीन आले आणि कडबा गेला. नुसत्या कुटारावर बैल अंग धरत नाही. घेणारा मात्र रोहिणी-मृगाच्या तोंडावर येतो. मधले दोन महिने चारा घालायचा आणि जनावर आजारी पडले तर सोसायचे, हे काम व्यापारी करतो आणि त्याचे पैसे आपल्या भावातून आधीच कापून घेतो. त्यातून घेणारेही कमी झाले. नांगरणी, वखरणी ट्रॅक्टरने होते. बैल उरला डवरणीपुरता, म्हणजे पिकाच्या ओळींतले तण काढण्यापुरता, आणि तेवढ्यासाठी लोक शेजाऱ्याची जोडी भाड्याने आणतात.

दुसरे कारण याहून मोठे आहे आणि त्याविषयी गावात कोणी मोकळेपणाने बोलत नाही. गाईच्या कत्तलीला आपल्या राज्यात 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च 2015 पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. त्याआधी म्हाताऱ्या बैलाला तळाचा एक भाव होता, आणि वरचे सगळे भाव त्या तळावर उभे होते. सहादाती, म्हणजे तरणा, बैल घेणारा मनात हिशेब करायचा की सात-आठ वर्षे काम घेऊन पुढे विकला तरी अमुक इतके परत येतील. आता त्या जागी तो शून्य धरतो, आणि ते शून्य आजच आपल्या तरण्या बैलाच्या किमतीतून वजा करतो. रस्त्यात गाडी अडवली जाईल ही वाहतूकदाराची भीतीही त्याच किमतीतून जाते, जनावर शेतीसाठी घेतलेले असले तरी. 2025 च्या पावसाळ्यात जनावरांच्या आणि मांसाच्या धंद्यातल्या कुरेशी समाजाच्या व्यापाऱ्यांनी राज्यभर खरेदी थांबवली, तेव्हा बाजारात एवढा मोठा घेणारा नसला की काय होते ते सगळ्यांनी पाहिले. मी स्वतः माझा बैल कत्तलीला देणार नाही. कायदा असावा की नसावा हा वादही मी इथे काढत नाही. पण त्याचा खर्च कोरडवाहू शेतकरी एकटा उचलतो आहे, आणि बाजारात उभे राहून त्याला ते कळतसुद्धा नाही.

म्हशीचे तसे नाही. तिला ही बंदी नसल्याने भाकड झाली तरी वजनावर तिचा भाव निघतो, म्हणून वजन घरीच काढून जावे. छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याला त्याच आकड्याने गुणायचे, मग खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणून 660 ने भागायचे. घेर 72 आणि लांबी 60 असेल तर साधारण 470 किलो. अंदाजच आहे हा, पण व्यापाऱ्याच्या नजरेच्या अंदाजासमोर आपलाही एक आकडा राहतो.

कानातल्या बिल्ल्याचेही सांगायला हवे. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. ज्यांचे बिल्ले चरताना झुडपात अडकून पडले, त्यांनी पुन्हा मारून घेतलेले नसतात. मग जनावर दारावरच, जो येईल त्याला, तो म्हणेल त्या भावाने जाते. पशुवैद्यकीय दवाखान्यात एक चक्कर मारली असती तर ते बाजारात उभे राहिले असते.

आमच्याकडे आणखी एक दुःख आहे. आर्वी, आष्टी, कारंजा घाडगे हा गवळाऊ जातीच्या गाय-बैलांचा मूळ पट्टा. हेटीकुंडीला तिचे सरकारी प्रक्षेत्र आहे. पांढरी, अंगाने हलकी, चालीला तेज अशी ही जात, पण मी पाहिलेल्या पावत्यांवर 'बैल, नग 2' एवढेच असते. जातीचा पैसा मिळणार कुठून? सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी बैलांच्या शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून शंकरपटाच्या, म्हणजे आपल्याकडच्या शर्यतीच्या, गोऱ्ह्यांना लाखांत मागणी झाल्याच्या गोष्टी गावोगाव फिरतात. त्या ऐकून डवरणीच्या बैलाचा मालक मोठी आशा धरून जातो आणि दुपारपर्यंत पार खचतो. पटाचा बाजार वेगळा आहे, हे त्याला घरीच कळायला हवे.

म्हणून आपल्याला विनंती आहे. जिल्ह्यातल्या आठवडी गुरांच्या बाजारांचे भाव आठवड्यातून एकदा छापावेत. 'बैल' असा एकच दर उपयोगाचा नाही. आदत (दुधाचे दात असलेला), दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला (सगळे दात आलेला) आणि म्हातारा असे वेगळे द्यावेत, गवळाऊ वेगळी द्यावी, आणि किती जनावरे आली, किती विकली गेली तेही द्यावे. त्या दोन आकड्यांवरून थांबावे की विकावे हे समजते. अडचण एक आहे. बाजाराची फी वाचावी म्हणून पावतीवर कमी रक्कम लिहायला अनेक जण, विकणारेसुद्धा, तयार होतात. तेव्हा वार्ताहराने कार्यालयातला आकडा न उतरवता दावणीवर जाऊन विचारावे.

सुरुवात वर्धा जिल्ह्यापुरती आणि फाल्गुन ते ज्येष्ठ एवढीच झाली तरी चालेल. आमच्या बाजाराचे दातांनुसार भाव दर आठवड्याला लिहून पाठवायला मी तयार आहे, त्याचे मानधन नको.

आपला,
एक पशुपालक
ता. आर्वी, जि. वर्धा