दिवाडीच्या फादरांना, आजाऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्यांकडून

पूज्य फादर,

तुमची बदली होणार हे मिस्सानंतर जाहीर झाले, तेव्हापासून आम्ही ज्या घरांत कामाला आहोत तिथे दुसरा विषय नाही. निरोपाच्या दिवशी फाब्रिकची (चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीची) मंडळी बोलतील, वाड्यावाड्यावरचे लोक बोलतील. आमचे नाव त्या यादीत नसणार. सावंतवाडी, कुडाळ, चंदगड, खानापूर अशा गावांहून येऊन गोव्यातल्या दिवाडी बेटावर म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या आम्ही बायका, बहुतेक जणी हिंदू. पण तुमच्या कामाची एक बाजू आमच्याइतकी जवळून कुणी पाहिलेली नाही, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर.

बेटाला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर नाहीतर नार्वे, कुठूनही या, फेरीबोटच. कोकण रेल्वे बेटावरून जाते, पण थांबत नाही. गावी जायचे तर आम्हाला नदी ओलांडून करमळी स्टेशन गाठावे लागते. मुले परदेशात, घरात आजी आणि आम्ही. गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ, बांबोळीला, पाण्यापलीकडे. अशा घरात महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कम्युनियन (मिस्सात देतात ती पवित्र गव्हाची चकती) घेऊन येणारे फादर हाच कित्येकदा महिन्यातला एकमेव ठरलेला पाहुणा असतो. त्या दिवसाची तयारी आदल्या रात्रीपासून चालते, आणि चुकाही तिथेच होतात.

सगळ्यांत मोठी चूक उपाशी ठेवण्याची. कम्युनियनआधी 1 तास काही खायचे नाही हा नियम म्हाताऱ्यांच्या हाडीमाशी भिनलेला, त्यातून जुन्या पिढीतल्यांना मध्यरात्रीपासूनचा उपास आठवतो. सकाळचे इन्सुलिन टोचून झालेले, नाश्ता झाकून ठेवलेला, आणि तुम्ही आधीच्या घरी अडकलेले. पाऊण तासात आजींना दरदरून घाम, हात थरथरायला लागतात, बोलणे असंबद्ध होते. शुद्धीवर असतील तर 3 चमचे साखर अर्धा कप पाण्यात घालून पाजायची आणि 15 मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची, हे आम्हाला ठाऊक असते. पण आजी तोंड मिटून बसल्या तर आमचे काय चालणार? तुम्ही प्रवचनात स्पष्ट सांगितलेत की 1983 च्या धर्मनियमांतच वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही या उपासातून सूट आहे. पहिले म्हणजे तुम्ही स्वतः घरात शिरल्याबरोबर विचारायचात, "नाश्ता झाला का?" फादरांनीच विचारल्यावर आजी मुकाट्याने पेज घ्यायच्या.

दुसरे, गिळण्याचे. ती गव्हाची चकती कोरडी असते, टाळूला किंवा कवळीला चिकटते. अर्धांगवायू झालेल्या माणसाच्या गालात ती तशीच राहून जाते आणि तो आडवा झाला की घशात उतरते. तुम्ही प्रत्येक घरी आधी आम्हाला विचारलेत: पाणी पिताना खोकला येतो का? येत असेल तर नखाएवढाच तुकडा. रुग्ण ताठ बसवलेला, हनुवटी जराशी खाली, तुकडा चमच्यात पाण्याने भिजवलेला. मग तोंड उघडून बघायचे, आणि निदान अर्धा तास पाठ टेकू द्यायची नाही. नाकातून नळी असलेल्यांना, ज्यांना डॉक्टरांनी तोंडाने काहीच द्यायचे नाही म्हणून सांगितले आहे, त्यांच्याजवळ तुम्ही नुसती प्रार्थना केलीत आणि घरच्यांना समजावलेत की यात काही कमी पडत नाही. ते आमच्या तोंडून कुणी ऐकले नसते.

मेणबत्तीचेही तसेच. पांढरे कापड घातलेले टेबल, क्रूस, दोन पेटत्या मेणबत्त्या, अशी प्रत्येक घरची रीत. पण पलंगाशेजारी ऑक्सिजनचे यंत्र चालू असेल तर चादर, उशी, केस सगळे चटकन पेट घेऊ शकते; ज्योत निदान 3 मीटर लांब हवी, आणि त्या खोल्यांत तेवढी जागाच नसते. तुम्ही सेलवर चालणाऱ्या दोन मेणबत्त्या झोळीत ठेवायला लागलात. अभ्यंगाचे (आजाऱ्यासाठी प्रार्थना करत फादर लावतात ते पवित्र) तेलही मास्कच्या कडेला लागू नये म्हणून कपाळावर अगदी मधोमध, बोटाच्या टोकाएवढे. तळहातांना लावण्याआधी "सुई कुठल्या हाताला आहे?" हा प्रश्न ठरलेला, कारण तेलाने चिकटपट्टी सुटली की सुई निघते, आणि ती पुन्हा लावायला नर्स नदीपलीकडून यावी लागते.

अभ्यंगाची भीती घालवलीत, त्याचे उपकार तर फार मोठे. तेलाची डबी दिसली की माणूस समजायचा, आपले संपले. म्हणून घरचे बोलवायचेच नाहीत, आणि मग रात्री दोनला धावपळ, तोवर माणूस गेलेला. मेलेल्याला अभ्यंग करत नाहीत; मग नुसत्या प्रार्थनेवर घरचे वर्षभर स्वतःला दोष देतात. तुम्ही शस्त्रक्रियेआधी अभ्यंग केलेत, नुसत्या म्हातारपणाच्या अशक्तपणातही केलेत, दुखणे वाढल्यावर त्याच माणसाला पुन्हा केलेत. माणसे अभ्यंगानंतर महिनोन् महिने जगताना दिसली, तशी भीती गेली. आम्हाला मात्र सांगून ठेवलेत: श्वास मधेच थांबायला लागला, पाय गार आणि काळेनिळे पडले, लघवी फारच कमी झाली, तर घरच्यांची वाट न बघता दिवेलागणीलाच फोन करा. कारण तुम्ही गोमेकॉत कुणाला भेटायला गेला असलात, तर रात्री फेरीबोटी विरळ होण्याआधी परतायला हवे.

पापनिवेदनाची, म्हणजे फादरांपुढे एकट्याने आपली पापे सांगण्याची, एक गोष्ट कुणी लिहीत नाही. बहिऱ्या माणसाचे पापनिवेदन सगळ्या घराला ऐकू जाते. तुमच्यामुळे आदल्या दिवशी कानातल्या यंत्राचा सेल बदलायचा शिरस्ता पडला. पंखा बंद, टीव्ही बंद, खुर्ची ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला, दार लोटलेले, हाताशी घंटी, आणि आम्ही बाहेर सोप्यावर. माणसाची लाज राखली जाते म्हणजे काय, ते तिथे बसून कळले.

आणि तो कागद. कोकणी प्रार्थना रोमी लिपीत, ती आमच्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नाही. तुम्ही "आमच्या बापा" आणि "नमान मारिये" देवनागरीत, मोठ्या अक्षरांत उतरवून प्रत्येक घरी पलंगाजवळ चिकटवायला दिलेत. मुलाचे नाव विसरलेली आजी रात्री तीनला घाबरून उठते, कुणालाच ओळखत नाही. पहिली ओळ आम्ही म्हटली की पुढची ती म्हणते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला हाताची पकड सैल होते. झोपेच्या गोळीआधी आम्ही आता हेच करून बघतो.

रविवारी दुपारी तरुण मुलांना दोन-दोन तास आजाऱ्यांजवळ बसवून आम्हाला नदीपलीकडे जायची मोकळीक मिळवून दिलीत. मुलींना आधी आजाऱ्याची कूस बदलायला शिकवा म्हणालात, मग मुलांनाही शिकवायला लावलेत. नव्या फादरांनी एवढे चालू ठेवावे, ही विनंती.

त्यांच्यासाठी तुम्ही सांगितलेली यादी तयार आहे: घर, कुठला कान, गिळणे कसे, ऑक्सिजन आहे का, जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ. पावसात खाजनाच्या (नदीकाठच्या सखल शेतांच्या) बांधावरची वाट निसरडी होते, म्हणून त्या बाजूच्या घरांना जून ते सप्टेंबर रस्त्याने वळसा घालून जायचे आणि घरोघरच्या फेरीला अर्धा तास जास्त धरायचा, हेही शेवटी लिहिले आहे.

तुमच्या,
दिवाडीवर घरोघरी आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या आम्ही सगळ्याजणी