बेल्ट बदलला, टेन्शनर राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीच्या दुरुस्तीचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. 'दोन-तीन गॅरेजमध्ये चौकशी करा आणि सर्वांत कमी आकडा सांगेल त्याच्याकडे गाडी द्या,' हा त्यातला सल्ला वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र. हा सल्ला मी एकदा तंतोतंत पाळला आहे.

मी ३१ वर्षं कारखान्यात सुट्या भागांची तपासणी केली. भाग मापापेक्षा शतांश मिलिमीटरने जास्त भरला, तरी तो बाजूला काढायचा, हे माझं काम. तरीही गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या भागांची चाल जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा, बदलायची वेळ आली, तेव्हा मी फक्त पैशांचा हिशेब पाहिला. मेकॅनिकने दोन आकडे सांगितले होते. एक नुसत्या बेल्टचा, दुसरा बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी कप्पी), आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी कप्पी) आणि वॉटर पंपही बदलण्याचा. दुसरा जवळजवळ दुप्पट. "जुना टेन्शनर चालतोय ना?" मी विचारलं. "आत्ता तरी चालतोय," तो म्हणाला. त्याच्या त्या 'आत्ता तरी'मध्ये सगळं आलं होतं. मी ते कानाआड केलं.

आठ महिन्यांनी गाडी धावता धावता बंद पडली. किल्ली फिरवली तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरायचं, पण चालू होईना. टेन्शनरचं बेअरिंग जाम होऊन नव्याकोऱ्या बेल्टचे दात खरवडून निघाले होते. पिस्टनला जोडलेल्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा नेमका एक व्हायला हवा, आणि हा मेळ तो बेल्ट राखतो. मेळ चुकला की बऱ्याच इंजिनांत उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आदळतात. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे चकचकीत वण उमटले होते. एक व्हॉल्व्ह उचलला, डोकं कडेबाहेर राहील असा दांडा काचेवर ठेवला आणि बोटाने घरंगळवला. सरळ दांडा आवाज न करता घरंगळतो. हा दर फेऱ्याला उचलला जाऊन टक्, टक् वाजत होता. सोळापैकी अकरा व्हॉल्व्ह असे निघाले.

दोष मेकॅनिकचा नव्हता. मला जे विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. बेल्ट बदलताना खरा खर्च असतो तो उघडण्याचा आणि परत जोडण्याचा. टेन्शनरपर्यंत पोहोचायला जे सोडवावं लागतं, ते सगळं त्या दिवशी सोडवलेलंच होतं. मजुरी तीच, वेळ तोच. उरली होती फक्त त्या भागांची किंमत, आणि मी नेमकी तीच वाचवली. क्लचचंही असंच. गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर क्लच दाबला की तो सोडवणारं रिलीज बेअरिंग जुनं ठेवू नये.

याचा अर्थ महाग तेच घ्या, असा मुळीच नाही. दाराचा आरसा मी भंगारातल्या गाडीचा बसवला आहे, मागच्या बंपरला पडलेली चीर तशीच आहे. केबिन फिल्टर घरीच बदलतो. गाडी बनवणारी कंपनी बेअरिंग सहसा स्वतः बनवत नाही, विकत घेते. तेच बेअरिंग बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात पुष्कळदा स्वस्त मिळतं. ते खात्रीच्या विक्रेत्याकडून घेतलं, तर पैसे वाचतात आणि दर्जाही तोच राहतो. अशी बचत मला पटते.

पण ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांच्या बाबतीत 'चालून जाईल' हा शब्द नको. ब्रेक पॅड घेताना मागची लोखंडी पाटी पाहावी. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या ९० क्रमांकाच्या नियमानुसार मंजूर पॅडवर वर्तुळात इंग्रजी 'ई', त्याशेजारी एक आकडा आणि पुढे '९०आर' असं उमटवलेलं असतं. त्या पॅडची पकड मूळ पॅडच्या पकडीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे चालत नाही. खोक्यावरच्या झळाळत्या छपाईपेक्षा त्या खुणेवर माझा विश्वास आहे. ब्रेक ऑइलही तसंच. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. लांबच्या उतारावर ब्रेक तापून ऑइल उकळलं की पेडल मऊ पडतं, तेव्हा हा फरक पायाला कळतो. त्यामानाने ते बदलण्याचा खर्च किरकोळ असतो.

आता मी गॅरेजमध्ये आकडा विचारण्याआधी तीन गोष्टी लिहून मागतो: भाग कोणत्या कंपनीचा, मजुरी वेगळी किती, आणि या कामात आणखी काय काय उघडलं जाणार. काढलेले जुने भागही परत मागतो. बेअरिंग बोटावर फिरवलं की खरखर लगेच जाणवते, त्यासाठी तपासनीस असावं लागत नाही. चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नांचा राग येत नाही. माझा तर हल्ली स्वतःहून भाग हातात देतो.

पुरवणीत जागा असेल, तर कोणत्या कामात कोणते भाग आयतेच हाताशी येतात, याची माहिती एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून लिहून घेऊन जरूर छापावी.

आपला,
एक निवृत्त गुणवत्ता तपासनीस