बर्फ पडताना कान दे

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, रात्रभर बर्फ पडला आणि मला पत्ताच नाही. पावसाची निदान सोबत असते, हा नुसता मुका येतो." ते बोलणं मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय. मॉन्ट्रियलमधला तुझा पहिलाच हिवाळा. ती शांतता एकट्या माणसाच्या अंगावर येते, हे मला माहीत आहे. फौजेत असताना लडाखमधल्या द्रासला तीन हिवाळे काढलेत मी.

आपण पत्र्याखाली वाढलेली माणसं. रिपरिप, भुरभुर, सरीवर सर, आषाढात कोयनाकाठी उठणारी झोड. डोळे मिटून सांगू कुठला पाऊस लागलाय ते. द्रास साडेदहा हजार फुटांच्या वर. जोझिलाची खिंड बर्फाने बंद झाली की गाडीचा आवाजही नाही. पहिल्या रात्री पहाऱ्यावर उभा होतो, बर्फ सुरू झाला आणि वाटलं, कान बसले. आमच्यातला एक सांगलीकडचा पोरगा मुद्दाम खोकून बघायचा, आपला तरी आवाज येतोय का म्हणून.

तिथल्या एका जुन्या हवालदाराने मला शिकवलं. म्हणाला, जाकिटाची टोपी डोक्यावर ओढ आणि घडीभर श्वास रोखून धर. तेव्हा ऐकू आलं. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ जाकिटाच्या टोपीवर पडतो ना, तेव्हा चिमटीतून रांगोळी सुटावी तसा आवाज येतो. अगदी बारीक, पण थांबत नाही. वाऱ्याबरोबर आला तर सर्र सर्र, वाळू फेकल्यासारखा. थंडी जरा उतरली की कण एकमेकांना चिकटून मोठे फुलोरे पडतात, ते भिजल्या कापसासारखे टेकतात. त्यांचा आवाज जवळजवळ नाहीच. महिनाभरात मी तंबूत पडल्या पडल्या ओळखायला लागलो, बाहेर कुठला बर्फ आहे ते.

आणि ती शांतता म्हणजे बर्फाचा मुकेपणा नव्हे गं. ताज्या भुसभुशीत बर्फात दहातले नऊ भाग हवाच असते. आवाज त्या बारीक पोकळ्यांत शिरतो आणि तिथेच जिरतो, रस्त्यावरचा, शेजारचा, सगळा. दोन दिवसांनी ऊन-वाऱ्याने वरचा थर कडक झाला की तोच बर्फ आवाज परतवतो, लांबचं बोलणंही जवळ ऐकू येतं. उणे दहाच्या खाली पारा गेला की चालताना पायाखाली करकर वाजतं, नव्या कोल्हापुरीसारखं. थर्मामीटर न बघता थंडी किती ते आम्ही बुटावरून सांगायचो.

एक आवाज मात्र कायम ध्यानात ठेव. कधी मैत्रिणींबरोबर डोंगरात गेलीस आणि पायाखाली एकदम 'ढप्प' असा पोकळ आवाज आला, तर तिथून हळूच मागे फीर. आतला कच्चा थर बसल्याची ती खूण. उतारावर असशील तर अख्खा कडा सुटू शकतो. हे आम्हाला शिकवताना उस्ताद कधीच हसत नसत.

तुझ्या शहराजवळून वाहणाऱ्या त्या सेंट लॉरेन्स नदीचीही गंमत सांगतो. पाण्यावर बर्फाचा कण पडला की त्याच्याबरोबर हवेचा इवलासा बुडबुडा आत ओढला जातो आणि तो थरथरून वाजतो. पाण्याखाली तो आवाज चांगला मोठा असतो, पण इतका उंच स्वराचा, पन्नास हजार हर्ट्झच्याही वर, की आपल्या कानाला लागत नाही. आपले कान वीस हजारांवर थांबतात. म्हणजे तू खिडकीत उभी राहून शांतता बघत असतेस, तेव्हा खाली नदी वाजत असते.

बर्फ उचलण्याआधीचे ते सायरन वाजायच्या आधी, पुढच्या वेळी, पाच मिनिटं खाली उतर. कानटोपीवर जाकिटाची टोपी ओढून घे, फोन खोलीत ठेव, आणि उभी राहा.

आपलं बोलणं ऐकून तुझ्या आईने विचारलं, कसा असतो हो आवाज? इतक्या वर्षांत मी तिला हे कधी सांगितलंच नव्हतं. देवघरातली रांगोळीची डबी काढली, तिला माझा जुना रेनकोट घालायला लावला आणि टोपीवर चिमटी सोडली. ती म्हणाली, "एवढाच?" मग म्हणाली, "अजून सोडा." डबी संपेपर्यंत बसली होती, डोळे मिटून.

तुझा,
बाबा