एम-थ्रीत पैकीच्या पैकी, म्हणून गणिताची पदवी?

संपादक महोदय,

प्रवेशाचा हंगाम आला की आपल्या पानांवर कॅप राउंड आणि कटऑफ यांचीच चर्चा असते. पण प्रवेश झाल्यावर, दुसऱ्या वर्षात, काही हुशार पोरांना एक वेगळाच प्रश्न पडतो: इंजिनिअरिंगसोबत गणिताचीही पदवी घ्यावी का? एम-वन ते एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचे पेपर, शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. गेल्या महिन्यात ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या) दुसऱ्या वर्षाला असलेली माझी भाची हाच प्रश्न घेऊन दारात उभी राहिली, म्हणून हे पत्र.

"मामा, एम-थ्रीला मला पैकीच्या पैकी आहेत," हा तिचा पुरावा. मी तो मानला नाही. लाप्लास रूपांतरांच्या सूत्रांचा तक्ता पाठ, ठरलेली पाच-सहा प्रकारची गणितं आणि मागच्या पेपरांचा सराव, एवढ्यावर एम-थ्री निघतो. शिकवणारा मीच होतो, मला विचारा.

मी तिला चौकोनी लहरीची फूरिए मालिका (लहर साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडणं) काढायला लावली. पाच मिनिटांत झाली. मग तिनं लॅपटॉपवर पाच, पन्नास, पाचशे पदं घेऊन आलेख काढले. लहर जिथे उडी मारते तिथे टोकाला एक शिंग येतं. पदं वाढवली की ते बारीक होऊन उडीला चिकटतं, पण उंची हटत नाही. उडीच्या साधारण ९ टक्के वर ते राहतंच. "चालतंय की, फिल्टर लावायचा," असं म्हणून ती जेवायला बसली. इंजिनिअरचं उत्तर, आणि त्याच्या जागी बरोबरही. रात्री अकराला मात्र तिचा फोन आला: "उडीची जागा सोडली तर प्रत्येक बिंदूवर मालिका बरोबर किमतीला पोचते. मग शिंग जात का नाही?" हा फोन आला नसता, तर मी तिला सरळ नको म्हणून सांगितलं असतं.

आता व्यवहार. यूजीसीनं २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना मोकळीक दिली. दोन्ही प्रत्यक्ष करायच्या तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. नाहीतर एक दूरस्थ किंवा ऑनलाइन. प्रॅक्टिकल, सबमिशन आणि हजेरी सांभाळणाऱ्या पोराला पहिला पर्याय जवळजवळ बंदच. उरतो दूरस्थ. इतर विषयांचं ठीक आहे, पण रिअल अ‍ॅनालिसिसमधली (कलनाचे नियम काटेकोर सिद्ध करणाऱ्या शाखेतली) आपली सिद्धता कुठे फसली हे टपालानं आलेलं पुस्तक सांगत नाही. त्याला समोर फळा आणि खडूस मास्तर लागतो.

मधला मार्ग आहे. एआयसीटीईच्या (देशातलं तंत्रशिक्षण पाहणाऱ्या परिषदेच्या) आराखड्यात बी.टेक.च्या १६० क्रेडिटवर १८ ते २० जादा क्रेडिट घेऊन मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, करता येतं. भाचीच्या कॉलेजच्या मायनरच्या यादीत एआय आहे, सायबर सिक्युरिटी आहे, गणित नाही! पलीकडच्या गल्लीत सायन्स कॉलेज आहे, तिथे बी.एस्सी.ला अ‍ॅनालिसिस रोज शिकवतात. दोन प्राचार्यांनी एकदा चहाला बसून त्या तासाची वेळ जुळवली आणि क्रेडिट मान्य केलं, तर अशा मुलांचं निम्मं काम होईल. संबंधितांनी मनावर घ्यावं, ही विनंती.

दुहेरी पदवीसाठी पालक माहिती-सिद्धांताचा जनक क्लॉड शॅनन याचा दाखला देतात. त्यानं १९३६ मध्ये मिशिगन विद्यापीठातून इलेक्ट्रिकल आणि गणित या दोन्ही पदव्या घेतल्या, आणि पुढच्याच वर्षी एमआयटीत रिलेच्या (विजेनं उघडमीट होणाऱ्या स्विचच्या) सर्किटांना बूलचं, म्हणजे खरं-खोटं यांचं, बीजगणित लावून दाखवलं. खरं आहे. पण ते बीजगणित त्याला भेटलं तत्त्वज्ञानाच्या विभागातल्या तर्कशास्त्राच्या तासाला. ती त्याची तिसरी पदवी नव्हती.

भाचीला मी एवढंच सांगितलं, की फॉर्म भरण्याआधी दोन महिने रोज एक तास एप्सिलॉन-डेल्टा (सीमेच्या काटेकोर व्याख्येवरच्या सिद्धता) कर, वही मला दाखव. पहिल्या आठवड्यात वही लाल झाली. दुसऱ्या आठवड्यात ती आलीच नाही. काल आली. एकसमान अभिसरणाची (मालिका सगळ्या बिंदूंवर एकदमच किमतीजवळ पोचण्याची, जे त्या शिंगामुळे घडत नाही) व्याख्या तिनं स्वतःच्या शब्दांत लिहिली होती, चुकीची, पण खाली त्या शिंगाचं चित्र होतं.

आपला,
एक निवृत्त गणित-शिक्षक, सांगली