कोल्हापूरचं विमान आणि विट्याची गलाई माणसं

मा. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातला, विट्याजवळच्या एका गावचा. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं गलाईवर चालतात. सोनं-चांदी गाळायला कुणी कोईमतूरला, कुणी कोलकात्याला, कुणी गुवाहाटीला. दुष्काळानं बाहेर काढलेली ही माणसं दिवाळीला, जत्रेला आणि मयतीला गावी येतात. जत्रेची तारीख आधी कळते. मयतीची कळत नाही.

वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ गुवाहाटीत होता. मुंबईपर्यंत एका कंपनीचं तिकीट, तिथून कोल्हापूरला दुसरीचं. पहिलं विमान उशिरा उतरलं, दुसरं निघून गेलं. त्या दिवशी पुढचं विमान नव्हतं. पैसेही बुडाले, कारण एका कंपनीच्या उशिराशी दुसरीचा संबंध नाही. रात्रभर गाडीनं आला. मातीला पोचला नाही, सावडायला पोचला.

साहेब, छोट्या विमानतळावर स्वस्त कंपनी हवी की सगळ्या सोयी देणारी, असा वाद नेहमी होतो. आमच्यासारख्यांना विमानात बसवलं ते स्वस्त कंपन्यांनीच, हे मी विसरणार नाही. जेवण, ऐसपैस खुर्ची आम्हाला नको. पण सोयीवाल्या कंपन्यांची एक रीत हवी आहे: तिकीट एकच, सामान थेट शेवटच्या गावापर्यंत, आणि मधलं विमान चुकलं तर पुढं पोचवायची जबाबदारी कंपनीची. मोठं जाळं असलेली स्वस्त कंपनीही स्वतःच्या विमानांपुरती ही सोय देते. अडतं ते एक टप्पा छोट्या कंपनीचा असला की.

छोटी शहरं विमानानं जोडायच्या सरकारी ‘उडान’ योजनेत मार्ग मिळतो तो कमीत कमी अनुदान मागणाऱ्या कंपनीला, आणि अनुदान ३ वर्षांचं. प्रवासी पुढं कुठं जाणार, हे त्या बोलीत तोललं जात नाही. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात याचा हिशेब आहे: सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी ११२ मार्गांनीच ती ३ वर्षं पुरी केली, आणि त्यानंतरही चालू राहिले फक्त ५४. मला यात नवल वाटत नाही. कोल्हापुरातून नुसतं हैदराबादलाच जाणारे असे किती? तिथून कोचीला, चेन्नईला जाणारे धरले तरच सत्तर आसनी विमान रोज भरेल.

अलायन्स एअर सरकारची आहे. १५ एप्रिल २०२२ पासून तिचं आरक्षण एअर इंडियापासून वेगळं झालं. निदान या कंपनीला तरी मोठ्या कंपन्यांशी एका तिकिटाचा करार करायला लावणं तुमच्या हातात आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात उडानमधून आणखी १२० ठिकाणं जोडण्याची घोषणा झाली. त्या बोलीत एका तिकिटाची हीच अट घाला, उडानमधल्या भाड्याच्या मर्यादेइतकी पक्की.

कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर विमानतळ व्हावा ही सांगलीची मागणी आहेच, माझीही आहे. ते होईल तेव्हा होईल. तोवर आम्हाला जवळचं कोल्हापूरच.

भावाचं दुकान अजून गुवाहाटीतच आहे. आई आता ८१ वर्षांची झाली.

आपला,
गलाई कुटुंबातला एक मुलगा
विटा, जि. सांगली